पाचवं मत

‘मत वाया घालवू नका’ असं कुणी म्हणालं की मी अजूनही तिथून उठून जाते. गंमत अशी की हे वाक्य आमच्या गावात सगळ्यात जास्त वेळा मीच म्हटलंय. दारोदार जाऊन म्हटलंय, पाण्याच्या नळावर म्हटलंय, पिठाच्या गिरणीत, ज्या बाईला पाडायचं होतं तिच्याच तोंडावर म्हटलंय.

मी या गावात सून म्हणून आले अठ्ठ्याण्णव साली, नगरकडून. बारावी आणि टायपिंगच्या दोन परीक्षा एवढ्या भांडवलावर पिरंगुटच्या एका कारखान्यात ऑफिसात नोकरी मिळाली. जाता-येता रोज पेपर वाचायचा. पेपर वाचणारी सून म्हणून माझं गावात नाव झालं होतं आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. कुणाला दाखला लिहून हवा असला, अर्ज हवा असला की आमच्या दारात. त्यातून माझा असा समज झाला की या गावातलं राजकारण मला इतरांपेक्षा जास्त कळतं.

गाव पौड रस्ता सोडून आत, कासार आंबोलीहून फार लांब नाही. मागं डोंगराचा उतार. तो सगळा गायरान, म्हणजे गावाच्या सामाईक चराईची जमीन. उताराच्या मध्यावर खडकात एक झरा होता. त्याचं पाणी पाइपानं खाली गावाच्या टाकीत यायचं आणि मे महिन्यातही यायचं. माझ्या सासूबाईंनी, ज्यांना मी आत्याबाई म्हणायचे, त्या उतारावर चाळीसेक वर्षं शेळ्या राखल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला तरी त्या वर जात. शेळ्याच त्यांना घेऊन जात आणि घेऊन येत. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायच्या, “देवानं झाकलं ते झाकलं. मला काय बघायचं ऱ्हायलंय?” चारपाच वर्षं आम्ही मागं लागलो होतो, पण त्या हलल्या नाहीत.

मग डोंगरापलीकडची जमीन पुण्याच्या बंगलेवाल्यांनी घेतली. त्यांना रस्ता हवा होता आणि तो झऱ्याच्या डोक्यावरून, गायरानातून जाणार होता. त्यासाठी पंचायतीचा ठराव लागणार होता.

पंचायतीत नऊ जण. वरच्या आळीच्या पॅनेलचे चार, ते उघडपणे म्हणत होते की रस्ता द्या, गाव सुधारेल. खालच्या आळीचे चार, ते म्हणत होते की जीव गेला तरी इंचभर देणार नाही. नववी आमच्या वॉर्डातली सदस्य, बाई चांगली होती, कधी इकडं कधी तिकडं असायची. तिला तिसरं मूल झालं आणि कायद्यानं तिचं पद गेलं. त्या पोराच्या बारशाला दोन्ही पॅनेलचे पुढारी पेढे घेऊन गेले होते. चार विरुद्ध चार झालं आणि एका वॉर्डाच्या, अडीचशे-पावणेतीनशे मतांच्या पोटनिवडणुकीवर सगळा डोंगर येऊन टेकला.

वरच्या आळीनं पुढाऱ्याची बायको उभी केली, निशाणी कपाट. खालच्या आळीनं पुढाऱ्याची भावजय उभी केली, निशाणी छत्री. आणि तिसरा अर्ज आला गिरणीवाल्या अक्कांचा. त्यांना कपबशी मिळाली.

अक्कांची गिरणी आमच्या घरापासून चार घरं सोडून. पन्नाशीची बाई, केसांवर कायम पिठाची पूड, बोलणं असं की समोरच्याचं दळण राहिलं बाजूला. चौथीपर्यंतच शाळा, पण तलाठ्याच्या ऑफिसात जाऊन गायरानाचे सगळे कागद काढून आणलेले. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गिरणीच्या भिंतीला अडकवलेले असायचे. कुणीही या आणि बघा.

“दोगं बी देनार वैनी,” त्या मला म्हणाल्या. “ह्यो उगाडपनी देनार, त्यो चोरून देनार. खालच्या आळीच्या पुढाऱ्याच्या भाच्यानं जेसीबी घेतलाया. शेतात चालवाया घेतला व्हय?”

मी म्हटलं, “अक्का, असेलही. पण आज निदान तो नाही म्हणतोय. तुम्ही उभ्या राहिलात तर तुमची मतं छत्रीतूनच जाणार. कपाट निवडून येईल आणि झरा जाईल. त्याचं पाप कुणाच्या माथी?”

त्यांनी गिरणी बंद केली. पट्टा थांबू दिला. मग म्हणाल्या, “म्हंजी मला ज्ये खरं वाटतंया त्ये मी कुटं सांगायचंच न्हाई का? मंग माजं मत मी कुनाला देऊ?”

मी म्हटलं, मत वाया घालवू नका.

खरं सांगायचं तर माझा विश्वास अक्कांवरच होता. आजही मी हे छातीवर हात ठेवून सांगेन. पण मला माझ्या हिशोबाची घमेंड होती. ऑफिसातून जुने पाठकोरे कागद आणून त्यांवर मी वॉर्डातलं एकेक घर लिहून काढलं होतं. हे कपाटाचं, हे छत्रीचं, हे काठावरचं. माझ्या आकड्यांप्रमाणे दोघं चार-पाच मतांच्या फरकात होते. अशा वेळी मनाला पटतं म्हणून मत देणं ही चैन आहे, असं मी नवऱ्याला समजावलं. त्याला समजावायची तशी गरज नव्हती. तो कंपनीची बस चालवायचा, आणि ती नोकरी त्याला खालच्या आळीच्या पुढाऱ्यानं लावून दिली होती.

मतदानाच्या दोन दिवस आधी खालच्या आळीनं घराघरातला कर्ता पुरुष देवळात नेला आणि बेलभंडार उचलायला लावला. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन देवासमोर शब्द द्यायचा, घरातली इतकी मतं तुम्हाला. एकदा उचलला की माणूस फिरत नाही, फिरला तर घरावर काहीतरी येतं, असा सगळ्यांचा विश्वास. नवरा पिवळा हात घेऊन घरी आला. दोन कार्यकर्ते त्याला सोडायला आले होते, ते ओट्यावर बसले. त्यांच्यासमोर नवरा मोठ्यानं म्हणाला, “घरातली तीन मतं दिलीत मी. तिनी छत्रीला. कुनी मत वाया घालवायचं न्हाई.”

आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या. कार्यकर्ते गेल्यावर म्हणाल्या, “तू तुजा भंडारा उचल न्हाईतर डोंगर उचल. माजं मत कपबशीला.”

मला बेलभंडाराचं हसू यायचं. एकविसावं शतक उजाडलं आणि मतं भंडाऱ्यावर मोजताय म्हणून मी नवऱ्याला चिडवलं होतं. हे मुद्दाम लिहितेय.

मतदान शाळेत होतं. आत्याबाईंना दिसत नाही म्हणून सोबती म्हणून मी आत गेले. साहेबांनी माझी एका कागदावर सही घेतली, की मतदार सांगेल त्यालाच मत देईन आणि ते कुणाला सांगणार नाही. मी सही केली. अक्षर माझं चांगलं आहे.

पुठ्ठ्याच्या आडोशामागं आम्ही दोघी. आत्याबाईंनी हळूच विचारलं, “कपबशी कितवी गं?”

तिसरी होती. मी त्यांचं बोट धरलं, दुसऱ्या बटणावर ठेवलं आणि म्हटलं, “दाबा.”

त्यांनी जोर लावून दाबलं. मशीन वाजलं. कुठलंही बटण दाबा, आवाज सारखाच येतो. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी पाहिलं आणि तरी मला काही वाटलं नाही. मला वाटलं, म्हातारीला कळत नाही, तिचाच झरा मी वाचवतेय. नंतर मी माझं मत दिलं. तेही छत्रीला.

दुसऱ्या दिवशी पौडला मोजणी झाली. छत्री तीन मतांनी आली. कपबशीला पाच.

त्या दुपारी मी किती खूश होते हे लिहायलाही लाज वाटते. तीन मतांनी! त्यातली दोन माझी! मी ऑफिसात पेढे वाटले. आपल्या डोक्यानं एक डोंगर वाचला, असं मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना खरोखर म्हणाले.

संध्याकाळी घरी आले तर आत्याबाई ओसरीवर बसून बोटं मोजत होत्या. “गिरनीवालीच्या घरात चार मतं,” त्या म्हणाल्या. “ती, तिचा दाल्ला, सासरा, दीर. चार झाली. पाचवं माजं. मंग तुजं कुटं गेलं पोरी?”

मला हे सुचलंच नव्हतं. घराघरांची यादी करणारी मी, आणि पाच हा आकडा ऐकून मला एवढं साधं मोजता आलं नव्हतं. त्या बोट पुढं करून थांबल्या होत्या.

मी म्हटलं, “आत्याबाई, माझं छत्रीला दिलं. रस्ता अडवायचा म्हणून. तुमचं मात्र तुमच्या कपबशीलाच पडलं.”

“मंग बरं,” त्या म्हणाल्या. “येक तरी पडलं माजं.”

नवरा तेव्हा उंबऱ्यात चपला काढत होता. पाय धुवायला मागं निघून गेला.

माझ्या डोक्यात एवढंच आलं की पाचवं मत दुसऱ्या कुणाचं तरी असणार आणि तो जो कुणी आहे त्याच्यामुळं मी सुटले. अक्कांना तर शंकाच नव्हती. दोन दिवसांनी दळण घेऊन गेले तर त्यांनी रांगेतले चार डबे बाजूला सारून माझा डबा आधी ओतला. म्हणाल्या, “वैनी, तोंडानं तुमी काय बी म्हना. पाचवं कुनाचं त्ये मला कळतंया. सगळ्या वॉर्डात तुमीच येक निगाला.” रांगेतल्या बायका बघत होत्या. मी मान हलवली का? हलवली असेन. त्यानंतर गिरणीत माझा डबा कायम आधी लागायचा आणि मी तो लागू द्यायचे.

त्याच आठवड्यात आणखी एक झालं. आत्याबाई सकाळी उठल्या आणि म्हणाल्या, “मला पुन्याला न्या. डोळं करून घ्येते.”

आम्ही थक्क. मी विचारलं, “एकदम कसं काय सुचलं?” त्या म्हणाल्या, “सुचलं.” एप्रिलमध्ये एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मे उजाडता त्यांना लख्ख दिसायला लागलं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, इतक्या वर्षांनी नीट दिसतेय म्हणून बघताहेत.

एक मेच्या ग्रामसभेला त्या काठी टेकत स्वतःच्या पायांनी आल्या. छत्रीचा पुढारी माइकवर उभा राहिला. वीस मिनिटं बोलला. परिस्थिती बदलली आहे, बंगल्यांची कंपनी गावाला समाजमंदिर देणार आहे, पोरांना कामं देणार आहे, झऱ्याला धक्का लागणार नाही असं लेखी देणार आहे. ठराव वाचला. कपाटाच्या चौघांनी हात वर केले, छत्रीच्या चौघांनी केले, आणि माझ्या मतांनी आलेल्या त्या नवव्या बाईनं, दिराकडं बघून, केला. नऊच्या नऊ. भांडण रस्ता द्यायचा की नाही याचं नव्हतंच. कुणाच्या हातानं द्यायचा, याचं होतं.

अक्का उभ्या राहिल्या. हातात ती प्लॅस्टिकची पिशवी. माइक त्यांच्यापर्यंत गेलाच नाही. त्या तशाच ओरडून बोलल्या, त्यांचा आवाज गिरणीच्या आवाजावरून बोलायची सवय असलेला, तरी पहिल्या दोन रांगांपलीकडं कुणी ऐकून घेतलं नाही. “कोन हाय माज्या बाजूनं, उभं ऱ्हावा,” त्या म्हणाल्या आणि बायकांच्या घोळक्यात मला शोधू लागल्या. मी पुढच्या बाईच्या पाठीमागं सरकले. मला तेव्हा भीती कशाची वाटली हे आजही सांगता येत नाही. नवऱ्याच्या नोकरीची म्हणावं तर ते अर्धंच खरं आहे. आपलं चुकलं हे चारचौघांत दिसेल, याचीच जास्त होती. आत्याबाई एकट्या काठीवर जोर देऊन उभ्या राहिल्या. नव्या डोळ्यानं त्यांनी आधी अक्कांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग बसल्या.

दिवाळीनंतर जेसीबी आला. भाच्याचाच. पहिल्या पावसात टाकीत लाल पाणी आलं, दुसऱ्या उन्हाळ्यात धार करंगळीएवढी झाली आणि तिसऱ्या उन्हाळ्यात बंद पडली. टँकर सुरू झाला. आत्याबाईंनी शेळ्या विकल्या. ओसरीवरून डोंगराचा कापलेला भाग सरळ दिसायचा, म्हणून त्या पाठ करून बसायच्या. मी एकदा खुर्ची वळवायला गेले तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. ह्येच्यासाटी न्हाई केलं डोळं.” पुढं विचारायचं माझं धाडस झालं नाही.

मधल्या काळात आणखी निवडणुका आल्या. पहिल्याच वेळी मी सवयीनं त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी हात सोडवून घेतला. “मला दिसतंया आता. माजं मी दाबते.” मला अभिमान वाटला. म्हातारी स्वावलंबी झाली म्हणून मी सगळ्यांना कौतुकानं सांगितलं.

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात त्या गेल्या. माझ्या मनात एकच समाधान होतं, की त्यांना शेवटपर्यंत वाटलं, आपलं एक मत तरी योग्य जागी पडलं. एवढं खोटं तरी आपण त्यांच्यासाठी नीट सांभाळलं.

पुढच्या वर्षी पुन्हा पंचायतीची निवडणूक लागली. तीच दोन पॅनेलं. अक्का उभ्या राहिल्या नाहीत. मी त्यांना विचारायला गेले होते, अगदी मनापासून, उभ्या राहा म्हणाले. त्या डबा ओतता ओतता म्हणाल्या, “कशासाटी वैनी? तुमचं येक मत घ्याया?”

ते ऐकून घरी आले आणि नवऱ्यापुढं रडले. पहिल्यांदाच सगळं सांगितलं. आत्याबाईंचं बोट, दुसरं बटण, सगळं. तो जेवत होता. हात थांबला नाही त्याचा.

“मला म्हाईत हाय,” तो म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“पाचवं मत माजं व्हतं.”

मला आधी समजलंच नाही. तो पाणी प्यायला. “दिवसभर छत्रीच्या टेबलावर बसून चिठ्ठ्या वाटल्या मी. त्ये बी रस्ता देनार ह्ये मला आधीच म्हाईत व्हतं. आत गेलो, कुनी बगत नव्हतं, कपबशी दाबली.”

“आणि बेलभंडार?”

“म्हनून तर कुटं बोललो न्हाई.”

“मला तरी सांगायचं! मला छत्रीला द्यायला लावलंस, आणि स्वतः—”

“मी कुटं लावलं? त्ये दोगं ओट्यावर बसलं व्हतं म्हनून बोललो. तू कवा माजं आयकतीस? मला वाटलं तू तुज्या मनाचंच करशील.” त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. “त्या दिवशी उंबऱ्यात उभा व्हतो. पाचवं माजं, म्हंजी तुमच्या दोगींचं येक बी न्हाई. तू आईला सांगत व्हतीस, तुमचं पडलं.”

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्याला माहीत होतं. पाच वर्षं मी गिरणीत त्याच्या मताच्या जिवावर डबा आधी लावत होते आणि तेच पीठ त्याला वाढत होते.

“आत्याबाईंना तरी कळलं नाही,” मी म्हटलं. एवढंच उरलं होतं माझ्याकडं.

त्यानं ताट बाजूला सारलं. “तिनं मला दुसऱ्या दिवशीच इचारलं. गोठ्यात. पाचवं तुजं का रं, म्हनली. तिच्या गळ्याची आन घातली तिनं. मी व्हय म्हनलो, तशी तिनं पुन्ना बोटं मोजली.”

“मग?”

“मंग काय न्हाई. दोन दिसांनी म्हनली, डोळं करून घ्येते.”